रेशमाला रंग देणारे हात
(पैठणच्या रेशमाची नैसर्गिक रंगविद्या : एक अभ्यास)

आपल्या बीड जिल्ह्यात तुतीची लागवड गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली आहे. आपल्या शाळेच्या पालकांपैकी अनेकांच्या शेतात आज रेशीमकीटकांची शेड उभी आहे. अंडीपुंज, चॉकी, चंद्रिका, कोष हे शब्द आता पाचवीतल्या मुलांनाही पाठ असतात. एका कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड तंतू निघतो, हे त्यांना आम्ही सांगण्यापूर्वीच ठाऊक असते. परंतु कोष बाजारात गेला की आपला त्याच्याशी असलेला संबंध संपतो. सूत दुसरीकडे निघते, रंग तिसरीकडे चढतो, आणि गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, पैठणला, जी पैठणी विणली जाते तिच्यासाठी रंगीत रेशीम बहुतांशी बंगळूरकडून येते. पिकवणारा एका गावी, विणणारा दुसऱ्या गावी, आणि रंग देणारा कोण, हे तर कोणी विचारीतही नाही.

इतिहासाचे अध्यापन करीत असताना आम्हांस हीच उणीव वारंवार जाणवली. पैठणी कोणी नेसली, कोणी भेट दिली, कोणत्या राणीला कोणता रंग आवडे, याची वर्णने पुस्तकांत सापडतात. माधवराव पेशव्यांनी तांबड्या, हिरव्या, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांचे असावलीचे दुपट्टे मागवल्याची नोंद मिळते. ते डाळिंबी कोणत्या मुळापासून निघाले आणि कोणाच्या हातांना त्याचे डाग पडले, याबद्दल दफ्तर गप्प आहे. आजच्या या पाठाचा विषय तोच आहे. रंग कसा केला जाई, करणारे कोण होते, आणि त्यांच्या विद्येला विद्या म्हणण्याचे आपल्या समाजाने का नाकारले, हे आपण पाहणार आहोत.

विनयपिटकातील सहा रंग

भारतात वस्त्र रंगवण्याची कृती क्रमवार सांगणाऱ्या फार जुन्या लेखी नोंदींपैकी एक बौद्ध साहित्यात आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. भिक्खूंनी वापरावयाच्या वस्त्रांचे सहा प्रकार तेथे सांगितले आहेत : अळशीच्या धाग्याचे, कापसाचे, रेशमाचे, लोकरीचे, सणाचे आणि भंगेचे. रेशमासाठी पाली शब्द 'कोसेय्य' असा आहे. आपल्या 'कोष' या शब्दाचा तो जवळचा नातलग.

आरंभी भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवरे रंगवीत. रंग बिघडत असे. तेव्हा तथागतांनी सहा प्रकारच्या रंगद्रव्यांना अनुमती दिली : मुळांचे, खोडाचे, सालीचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे. पुढचा मजकूर आम्ही वर्गात नेहमी सावकाश वाचून दाखवतो, कारण त्यात प्रयोगशाळेचा वास आहे. न उकळलेल्या रंगाने चीवरांना दुर्गंधी येऊ लागली, म्हणून रंग उकळण्याची अनुमती मिळाली. उकळताना रंग उतू जाऊ लागला, म्हणून भांड्यात आवरण ठेवण्याची युक्ती आली. रंग शिजला की नाही हे कळेना, म्हणून त्याचा एक थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहण्यास सांगितले गेले. चीवर जमिनीवर वाळत घातले तर धूळ लागे, म्हणून गवत अंथरले. गवताला वाळवी लागली, म्हणून बांबू आणि दोरी आली. दोरीवर मधोमध टाकले तर रंग दोन्ही बाजूंनी ओघळे, म्हणून कोपऱ्याने बांधले. तरी एकाच बाजूला रंग साचू लागला. तेव्हा सांगितले गेले की चीवर पुनःपुन्हा उलटत राहावे आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत जागा सोडू नये.

प्रत्येक पायरीला एक अडचण आणि प्रत्येक अडचणीला अनुभवातून आलेला उपाय, अशी ही रचना आहे. मंत्र नाही, मुहूर्त नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की हे काम भिक्खूने स्वतःच्या हातांनी करावयाचे आहे. संघात कोणी क्षत्रिय कुळातून आलेला, कोणी ब्राह्मण कुळातून आलेला, कोणी उपालीसारखा न्हावी. रंगाच्या भांड्यापुढे सर्वांना सारखेच वाकावे लागे. वर्षावासानंतरच्या कठिन चीवराचे कापड त्याच दिवशी शिवून, रंगवून पूर्ण करावे लागते, हा नियमही याच परंपरेतला. आज आपल्या विहारांत चीवरदान होते ते बाजारातून आणलेल्या तयार चीवरांचे. त्यात काही वावगे नाही, पण चीवर रंगवणे हा एकेकाळी संघाच्या सामूहिक श्रमाचा भाग होता हे स्मरणात असावे. पूर्ण निळे, पूर्ण पिवळे, पूर्ण तांबडे, पूर्ण काळे असे चीवर मात्र नको, असे तेथेच सांगितले आहे. चीवराचा रंग कषाय, म्हणजे साली-खोडांच्या काढ्यातून उतरणारा.

रेशमाबद्दल विनयात आणखी एक कथा आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. काही भिक्खू रेशीम करणाऱ्या कारागिरांकडे गेले आणि आसनात मिसळण्यासाठी रेशीम मागू लागले. कारागीर उद्विग्न झाले. आपण पोटासाठी, बायकामुलांसाठी इतके लहान जीव मारतो हे आपलेच दुर्दैव, त्यात या श्रमणांनीही तेच करवून घ्यावे काय, अशा अर्थाचे त्यांचे बोल तेथे नोंदलेले आहेत. त्यानंतर रेशीममिश्रित आसन करवून घेण्यास मनाई झाली. प्राचीन भारतीय वाङ्मयात श्रमिकाच्या मनातील खंत त्याच्याच तोंडून फार क्वचित ऐकू येते. येथे ती आली आणि तिच्यामुळे संघाचा नियम बदलला. कोष उकळत्या पाण्यात टाकताना आपल्या गावातील एखादी माउली क्षणभर थबकते, तेव्हा ती या कथेपासून फार दूर नसते.

वस्त्र करणारे आणि संघ यांचे नाते लेण्यांतही कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोलिकनिकायाकडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे, २,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. आता हिशेब करा. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, तेही २४०. आठवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले की इतिहासाला कंटाळलेली मुलेही मान वर करतात. परंतु खरा धडा गणितापलीकडचा आहे. राजघराण्यातील पुरुष आपले धन विणकरांच्या हाती विश्वासाने सोपवतो, आणि ती विणकरांची संस्था पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळील असे गृहीत धरतो. अशी पत त्या कारागिरांची होती.

त्याच सुमाराच्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन्ही नगरांचा उल्लेख येतो. तगरहून भडोच बंदराकडे तऱ्हेतऱ्हेचे कापड जात असे. चीनचे रेशीम बॅक्ट्रियामार्गे त्याच भडोच बंदरात उतरे. पैठणहून तगर पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असे तो लेखक सांगतो. नकाशा उघडून पाहावा : पैठण आणि तेर यांच्यामध्ये आजचा बीड जिल्हा आहे.

रंगाऱ्याचे अन्न

मग ही पत गेली कोठे? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांच्या हातचे अन्न घेऊ नये अशांची यादी आहे. कुत्री पाळणारे, मद्य विकणारे, कपडे धुणारे यांच्या पंक्तीला तेथे रंगारी बसवला आहे. दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने आपत्काळीही कोणता माल विकू नये हे सांगितले आहे; त्यात रंगीत वस्त्र आहे, नीळ आहे आणि लाख आहे. लाख विकणारा ब्राह्मण तत्काळ पतित होतो म्हणे! पुढच्या स्मृतींनी तर निळीचा एवढा बाऊ केला की निळीने रंगवलेले वस्त्र अंगाला लागले तर ब्राह्मणाने दिवसभर उपवास करून पंचगव्याने शुद्ध व्हावे. नंतरच्या निबंधकारांनी मात्र एक सोयीची पळवाट ठेवली : नीळ लोकरीला आणि रेशमाला लागली तर दोष नाही. गरिबाच्या सुती कापडावरची नीळ विटाळ करते आणि श्रीमंताच्या रेशमावरची तीच नीळ शुद्ध राहते. रसायनशास्त्रात या फरकाला आधार नाही. तो कोठून आला हे वाचकांस सांगावयास नको.

ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हती. महाराष्ट्रात निळीचे काम करणारी निराळी ही जात तिच्या मालाच्या नावानेच ओळखली गेली. रंगारी, भावसार, मुसलमान रंगरेज यांनी पिढ्यान्‌पिढ्या मडकी सांभाळली. विद्या त्यांच्या हाती होती. मान वस्त्राला मिळाला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दाखवून दिले की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. रंगाच्या व्यवसायात हे स्पष्ट दिसते. सूत पिळणारा, रंग चढवणारा आणि विणणारा, तिघांचे पोट एकाच साडीवर. तरी तिघांची पंगत वेगळी.

मडक्यातील विद्या

आता ही विद्या प्रत्यक्षात काय होती ते पाहू. येथे थोडे सविस्तर लिहिण्याची अनुमती वाचकांनी द्यावी, कारण याच भागाकडे इतिहासकार सहसा फिरकत नाहीत.

कच्चे रेशीम हाताला ताठ लागते. तंतूवर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो. वजनाच्या सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा. तो काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही. त्यासाठी लडी पापडखाराच्या किंवा साबणाच्या पाण्यात तापवतात. डिंक सुटला की रेशमाला ती ओळखीची झळाळी येते. येथेच पहिली कसोटी लागते. खार कमी पडला तर डिंक राहतो. जास्त झाला तर रेशीमच कमजोर होते. रेशीम हे केसाप्रमाणे प्रथिन आहे, कापूस हा वनस्पतीचा तंतू. म्हणून कापसाला रंगासाठी तेल, शेण, हिरडा यांचे पुटावर पूट द्यावे लागे. रेशीम तुरटीच्या पाण्यावरच राजी होते. शंभर ग्रॅम रेशमाला साधारण पंधरा ते वीस ग्रॅम तुरटी, आणि रात्रभर भिजवण. तुरटी एका हाताने धाग्याला धरते, दुसऱ्या हाताने रंगाला. ती नसेल तर बहुतेक रंग पहिल्याच धुण्यात वाहून जातात.

तांबडा रंग तीन ठिकाणांहून येई. सह्याद्रीच्या डोंगरात वेलीसारखी वाढणारी मंजिष्ठा, खानदेश-वऱ्हाडात पिकणारी आल, आणि झाडाच्या फांदीवर किड्याने केलेली लाख. मंजिष्ठेच्या मुळांचा काढा फार तापवून चालत नाही. पाणी उकळू लागले की तांबड्यात तपकिरी मिसळते. आपल्या दख्खनच्या विहिरींचे जड, चुनखडीचे पाणी साबणाला नकोसे वाटते, पण मंजिष्ठेला ते मानवते. लाख कुटून पाण्यात भिजवली की रंग पाण्यात उतरतो आणि राळ मागे राहते. तिच्या बांगड्या होतात. त्या रंगात चिंचेची आंबटाई घातली तर तांबडा खुलतो, खार पडला तर तो जांभळ्याकडे वळतो. एकाच मडक्यातून दोन रंग काढण्याची ही किमया ज्याला साधे, त्याला आम्लारी शब्द ठाऊक नव्हता, पण आम्लारी म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते.

कुसुंब्याचा रंग आपल्या घरचा. करडईच्या फुलांपासून तो निघतो, आणि करडई मराठवाड्याचे जुने पीक आहे. या फुलात दोन रंग एकत्र नांदतात. फुले थंड पाण्यात पुनःपुन्हा चुरून धुतली की पिवळा रंग निघून जातो. उरलेल्या चोथ्यावर खाराचे पाणी घातले की तांबडा रंग सुटतो. मग त्यात लिंबाचा किंवा चिंचेचा रस टाकला की तो रंग थेट रेशमावर बसतो. येथे तुरटीही लागत नाही. मिळणारा गुलाबी इतका सुंदर असतो की पाहत राहावे. परंतु तो उन्हात टिकत नाही. हळदीचेही तेच. पक्का पिवळा हवा तर डाळिंबाची साल घ्यावी. शेंद्रीच्या फळांवरची तांबडी भुकटी खाराच्या पाण्यात उकळली की रेशमावर नारिंगी चढतो, आणि ती रेशमासाठीच विशेष वापरली जाई.

निळीची रीत सर्वांहून निराळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी मडक्यात चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून काही दिवस आंबवावे लागते. आंबता आंबता पाणी पिवळसर हिरवे होते आणि वर तांब्यासारखी साय धरते. त्या पाण्यात बुडवलेली लडी बाहेर काढावी तेव्हा ती हिरवट असते. वाऱ्याला लागताच डोळ्यांदेखत निळी होत जाते. हवेतील ऑक्सिजनचे हे काम. रंगारी वासावरून, फेसावरून, जिभेला लावून मडके 'चालू' आहे की 'मेले' हे ओळखी. चुना रेशमाला मारक, म्हणून रेशमाची बुडी लहान आणि पुनःपुन्हा.

या चार-पाच द्रव्यांच्या मेळातून पैठणीचे रंग जन्माला आले. पिवळ्यावर नीळ चढवली की राघू. लाखेवर नीळ चढवली की वांगी. हिरड्यात भिजवलेल्या रेशमाला लोखंडाचे तुकडे गुळात आंबवून केलेले पाणी दिले की काळा. त्याची काळी चंद्रकळा. हा काळा रंग लोखंडामुळे रेशमाला हळूहळू खातो, म्हणून फार जुन्या वस्त्रांत काळा भाग आधी विरतो. पांढऱ्याला शिरोदक म्हणत. ताण्याला एक रंग आणि बाण्याला दुसरा दिला की धूपछाव साधते, आणि वस्त्र हलले की रंग बदलतो. ती विणकराची करामत मानली जाते. पण दोन्ही रंग एकमेकांना शोभतील असे उतरवून देणारा रंगारीच असे.

ही वस्त्रे आपल्या आयाबायांच्या अंगावर कधी आली? अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या स्त्रीने चांगले वस्त्र नेसणे हाच गुन्हा होता. विदर्भात महार समाजातील अनेक कुटुंबे स्वतः कापड विणीत, पण ते जाडेभरडे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तेथेच बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी रीत सोडण्यास सांगितले. त्यानंतर वर्षभरात, १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी, त्यांनी विणखात्याचा प्रश्न धसास लावला. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या जास्त मजुरीच्या खात्यात घेत नसत. पोथीत रंगाऱ्याच्या अन्नाचा विटाळ होता. यंत्रयुगात तो धाग्यावर येऊन बसला. रंगाने माणसावर शिक्का मारण्याची रीतही याच समाजाची. उच्चवर्णीय विधवेला नेसावे लागणारे तांबडे आलवण, त्याचे नाव आलच्या रंगाशीच जोडले जाते.

मडके फुटले

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी दगडी कोळशाच्या डांबरापासून हिवतापाचे औषध करू पाहत होता. औषध झाले नाही. जांभळा रंग झाला. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतील तांबडा रंग कृत्रिमरीत्या बनवला. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. चाळीस वर्षांत रंगाऱ्याचे तीनही खांब कोसळले. फॉसेट या इंग्रज अधिकाऱ्याने १८९६ साली मुंबई इलाख्यातील रंगकामावर पुस्तिका लिहिली तेव्हा हे सर्व त्याच्या डोळ्यांसमोर घडत होते. परदेशी मालाने इथल्या कारागिरांवर आणलेली उपासमार महात्मा फुल्यांनी त्याही आधी, १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, मांडली होती.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो आम्हांस प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. जातीने बांधलेला धंदा मोडला, याचे आंबेडकरी माणसाने दुःख करावे काय? बाबासाहेबांनी आपल्याला गावकीची, पिढीजात, हीन ठरवलेली कामे सोडावयास सांगितले. ती सोडली म्हणून आज आपली मुले येथे शिकत आहेत. या मुलांपैकी कित्येकांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेने जातात. त्यांना पुन्हा एखाद्या मडक्यापाशी बसवण्याची कल्पनाही आम्ही करणार नाही. परंतु धंदा आणि विद्या या दोन वस्तू आहेत. धंदा जन्माने लादला गेला, म्हणून तो मोडणे न्याय्य होते. विद्या अनुभवाने मिळवलेली होती, आणि ती मरण्याचे कारण एकच : तिला लिहून ठेवण्याचा अधिकार आणि अक्षर, दोन्ही तिच्या धन्यांना नाकारले होते. लिहिले ते परक्या अधिकाऱ्याने, स्वतःच्या नावाने. आता अक्षर आपल्याकडे आहे. प्रयोगशाळा आपल्याकडे आहे. जन्माची अट काढून टाकल्यावर ही विद्या कोणाचीही होऊ शकते.

त्याच वेळी 'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नये असेही आम्ही सांगू. शहरातील दुकानांत या एका शब्दावर कापडाची किंमत दुप्पट होते. तुरटी आणि लोखंड तुलनेने निरुपद्रवी. पण रंग खुलवण्यासाठी क्रोमियमचे क्षारही वापरले जातात आणि ते विषारी आहेत. मोरचूद नाल्यात सोडले तर मासे मरतात, मग रंग फुलाचा असो वा पाकिटाचा.

थायलंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्या बौद्ध देशाच्या ईशान्येस, इसान प्रदेशात, खेड्यांतील स्त्रिया रेशीमकीटक पाळतात, सूत काढतात, रंगवतात आणि विणतात. चारही कामे एकाच घरात. त्यांचा तांबडा रंग लाखेचा, आणि त्यात चिंचेचा पाला पडतो; आपल्या रंगाऱ्याच्या चिंचेचीच ही बहीण. निळा रंग निळीचा, काळा एका प्रकारच्या टेंभुर्णीवर्गीय झाडाच्या फळांचा, पिवळा फणसाच्या लाकडाच्या गाभ्याचा. त्याच फणसाच्या गाभ्याच्या काढ्यात अरण्यवासी भिक्खू आजही चीवर रंगवतात. विनयातील 'खोडाचा रंग' तो हाच. तेथेही कारखान्यांच्या रंगांनी ही कला मागे रेटली होती. १९७६ पासून राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेने खेड्यांतील विणकरणींचे काम विकत घेऊन तिला आधार दिला. आम्हांस त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : कोष पिकवणारी आणि रंग देणारी स्त्री तेथे एकच आहे, आणि तिचे अन्न कोणी नाकारीत नाही.

आपल्या शाळेत नववीच्या मुलामुलींनी गेल्या दोन वर्षांत विज्ञान शिक्षकांच्या मदतीने काही लडी रंगवल्या. बाजारात न खपणारे फुटके, डागी कोष पालकांनी आणून दिले. ते उकडून, उकलून, मुलींनी हातानेच पीळ देऊन जाडसर सूत काढले. शाळेच्या कुंपणाच्या बाभळीची साल तुरटीबरोबर उकळली तर उबदार तपकिरी उतरला. त्यातच गंजलेल्या खिळ्यांचे पाणी पडले तेव्हा करडा झाला. पळसाची फुले फाल्गुनात डोंगराकडेच्या मुलांनी पोत्याने आणली. डाळिंबाच्या साली वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून मिळाल्या. प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधली आहे : द्रव्य, वजन, तुरटी, पाणी कोणत्या विहिरीचे, किती वेळ, आणि रंगवणाऱ्याचे नाव. शेवटची ओळ मुलांनी आपणहून घातली.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी, माजी विद्यार्थ्यांपैकी, कोणाच्या घरी रंगाचे काम पूर्वी होत असेल, मग ते रंगारी, निराळी, भावसार, मोमीन कोणीही असोत, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चार गोष्टी लिहून पाठवाव्यात : मडक्याला, लडीला, रंगाच्या छटांना त्यांच्या तोंडी कोणते शब्द होते, करडईची फुले कोणत्या वेळी खुडीत, निळीचे मडके मेले तर ते पुन्हा कसे जिवंत करीत, आणि हे काम करणाऱ्या आजीचे, पणजीचे नाव काय. पत्र शाळेच्या पत्त्यावर इतिहास विभागाच्या नावे पाठवावे. चिठ्ठ्यांची वही तयार आहे.